ट्रॅक्टरच्या टायरमधील हवा : शेतात किती, रस्त्यावर किती?

ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती पाहतो, डिझेल किती लागते याची चार ठिकाणी चौकशी करतो. पण चाकात हवा किती आहे असे विचारले, तर "पंक्चरवाल्याने भरली तेवढी" हेच उत्तर बहुधा मिळते. पंक्चरवाला दिवसभर ट्रकच्या चाकांत हवा भरत असतो. त्या सवयीने तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातही २५-३० पौंड हवा ठासून देतो. रस्त्यावर ट्रॅक्टर हलका पळतो, म्हणून आपणही खूश असतो. नुकसान शेतात होते आणि ते लगेच दिसत नाही.

ट्रॅक्टरचे वजन खऱ्या अर्थाने पेलते ती टायरमधील हवा. चाक जमिनीच्या वरच्या थरावर जो दाब देते, तो साधारणपणे आतील हवेच्या दाबाएवढा, किंवा टायरच्या ताठपणामुळे त्याहून थोडा अधिक असतो. हवा जास्त असली की टायर फुगून मधल्या थोड्याशाच भागावर टेकतो. मग नांगराची ओढ घेताना चाक जागच्या जागी घसरते, डिझेल जळते आणि खालची माती मात्र दाबून निघते. हवा योग्य असेल, तर टायर थोडा पसरतो, त्याची नक्षी जास्त जागेवर माती धरते व दाब विभागला जातो.

दोन चाकी ओढीच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरसाठी मागील चाकांत शेतकामाच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला ०.८ ते १.० किलो, म्हणजे सुमारे ११ ते १४ पौंड हवा पुरेशी असते. भरलेली ट्रॉली घेऊन लांब जायचे असेल, तर १.२ ते १.५ किलो, म्हणजे १७ ते २१ पौंड ठेवावी. पुढील लहान चाकांना १.५ ते २.५ किलो लागते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत टायरच्या मापानुसार आकडे दिलेले असतात. ते यापेक्षा वेगळे असतील तर पुस्तिकेचेच मानावेत.

रस्त्यावर हवा का वाढवायची? दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर येतो. त्यात वेग जास्त व रस्ता कडक. अशा वेळी हवा कमी असेल, तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, टायर तापतो आणि बाजूंना चिरा पडतात. हवा फारच कमी झाली, तर जोराच्या ओढीने टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व मुळापासून तुटतो. शेतात हवा कमी चालते म्हणून ७-८ पौंडांवर नांगरट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता खरी अडचण अशी, की सकाळी शेतात आणि रात्री कारखान्यावर जाणारा ट्रॅक्टर दिवसातून दोनदा हवा कशी बदलणार? तेवढी सवड कोणालाच नसते. माझ्या मते हवा हंगामानुसार बदलावी. नांगरट, रोटाव्हेटर व पेरणीच्या दिवसांत शेताची हवा, ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्याची हवा. मात्र रस्त्याची हवा भरलेला ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात घालू नये. ट्रॉली शक्यतो बांधावर किंवा पाणंदीत उभी करून भरावी. आत न्यावीच लागली, तर वाफसा येईपर्यंत थांबावे आणि जाण्यायेण्याची वाट एकच ठेवावी. एका शेतात खोडव्याचे फुटवे पट्ट्यापट्ट्याने विरळ दिसले. खताचा दोष असेल असे मालकांना वाटत होते. आम्ही पहार टोचून पाहिली. इतर सऱ्यांत ती सहज आत गेली. विरळ पट्ट्यांत वीतभरावरच अडली. ते पट्टे म्हणजे तोडणीच्या वेळी ट्रॉली फिरलेल्या चाकोऱ्या होत्या. भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन खोलवर माती दाबते. तो दाब केवळ हवा कमी करून टळत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपल्या चाकाची घसर घरच्या घरी मोजता येते. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने खूण करावी. शेतात नांगर उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा व अंतर मोजावे. नंतर नांगर लावून पुन्हा १० फेरे मोजावेत. समजा, पहिल्या वेळी ४० मीटर व दुसऱ्या वेळी ३५ मीटर अंतर कापले गेले, तर ५ मीटर वाया गेले, म्हणजे घसर साडेबारा टक्के झाली. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर चालते. त्यापेक्षा जास्त असेल तर प्रथम हवा तपासावी, मग नांगराची खोली पाहावी, आणि तरीही फरक पडला नाही तरच चाकाला वजने लावावीत किंवा ट्यूबमध्ये पाणी भरावे. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा असतो.

हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. जीपच्या ३० पौंडांच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. म्हणून लांबच्या प्रवासात मध्येच थांबून हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. ट्यूबमध्ये पाणी असेल, तर वॉल्व वरच्या बाजूला आणून मग गेज लावावा, म्हणजे पाणी गेजमध्ये शिरत नाही. गेज स्वतःचा ठेवावा. टायरच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

ऊस वाहणाऱ्या टायरगाडीकडे तर कोणी पाहतच नाही. तिथे हवा कमी असेल, तर डिझेल जळत नाही. तेवढी जादा ओढ बैलांच्या मानेवर येते. गाडी जुंपण्यापूर्वी दोन्ही चाकांवर गेज लावून पाहावा आणि दोन्हीकडे हवा सारखी आहे ना, याची खात्री करावी. एका बाजूला कमी असेल, तर गाडी त्या बाजूला ओढते आणि बैल खांदा चुकवू लागतो.