डोक्याला मार : टाके निघाल्यानंतरची काळजी

होटगीहून सोलापूरला आपले अनेक बांधव दुचाकीने कामाला जातात. अपघातात डोक्याला जबर मार बसला, तर सिव्हिलमधून घरी आल्यावर टाके सुकतात. पण माणूस विसरतो, चिडतो, लवकर थकतो. ही बाहेरची बाधा नाही, मुद्दाम केलेला हट्टही नाही. ही मेंदूची इजा आहे. भगताकडे नेऊ नका. सुधारणा हळूहळू, कित्येक महिने होत राहते.

उठण्या-जेवण्या-झोपण्याची वेळ ठरलेली ठेवा. एका वेळी एकच काम सांगा, वहीत लिहून द्या. शिकवलेले व्यायाम रोज करून घ्या. फिटच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. दारू पूर्ण बंद. पाचवे शील इथे औषधच आहे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा फिट आली, तर लगेच 108 ला फोन करा. सांभाळणाऱ्या माउलीलाही घरच्यांनी पाळीपाळीने विश्रांती द्यावी.