नव्या कोब्याची ओल आणि श्वासाचे विकार

सिमेंटचा कोबा वरून दोन-चार दिवसांत टणक होतो. आतून वाळायला त्याला महिने लागतात. 10 बाय 10 फुटांच्या खोलीत 4 इंच जाडीचे काँक्रीट टाकताना सुमारे 150 लिटर पाणी मिसळले जाते. त्यातले निम्म्याहून कमी सिमेंटशी रासायनिकरीत्या बांधले जाते. उरलेले पाणी, शिवाय क्युरिंगसाठी निदान 7 दिवस मारलेले, वाफ होऊन खोलीच्या हवेत येते. इंचाला एक महिना असा वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे, तोही हवा कोरडी असेल तर.

नाशिकमध्ये हा हिशेब पावसाळ्यात बिघडतो. जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे काँक्रीट जवळजवळ सुकतच नाही. आणि पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगावकडच्या नव्या घरांत गृहप्रवेशाला मुहूर्त धरला जातो दसऱ्याचा. पाठोपाठ थंडी पडते, खिडक्या बंद होतात आणि ओल आत कोंडते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी काँक्रीट झपाट्याने सुकते. त्या दृष्टीने घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर अक्षय्य तृतीया अधिक सोयीची.

ओल हा स्वतः रोग नव्हे. दमट हवेत भिंतींवर बुरशी धरते, गाद्या-उशांच्या धुळीत माइट हे सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांच्यामुळे शिंका, वाहते नाक, रात्रीचा खोकला, छातीतली घरघर सुरू होते किंवा बळावते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती मुख्यतः दमा आणि श्वसनविकारांसाठीच. ओलीने संधिवात जडतो ही समजूत मात्र चुकीची आहे.

फरशीच्या सांध्यांतून वर येणारी पांढरी भुकटी म्हणजे लोणा. तो क्षार असतो. त्याला वास नसतो आणि त्याने दमा होत नाही. काळे-हिरवट डाग आणि कुबट वास ही बुरशीची खूण. कोबा सुकला का हे पाहण्यासाठी दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा जागा काळपट झाली, तर ओल बाकी आहे. अशा कोब्यावर व्हिनाइल चिकटवणे सर्वात वाईट: पाणी अडते, काँक्रीटमधल्या अल्कलीने गोंदाचे विघटन होते आणि डोळे-घसा चुरचुरवणारी बाष्पे हवेत मिसळतात.

कोरड्या दिवसांत समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा चालू ठेवावा. कपडे घरात वाळत घालू नयेत. गादी जमिनीवर न अंथरता पलंगावर टाकावी, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. खोली सुकवण्यासाठी कोळशाची शेगडी पेटवून दार लावणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बुरशी पुसताना तोंडाला मास्क बांधावा, हे काम दमेकऱ्याने करू नये, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

इनहेलर चालू असलेल्याने घर बदलले म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर नव्या घराच्या ओलीला दोष देत बसण्याआधी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.