दोन पंप, एक नळ

पुष्कळ ग्रंथालयांत जागेच्या टंचाईमुळे मासिकांचे जुने अंक, दप्तरे आणि एरवी सहसा न लागणारी पुस्तके तळघरात ठेवलेली असतात. तळघराची जमीन बाहेरच्या गटारापेक्षा खाली असल्यामुळे तेथे झिरपणारे पाणी आपणहून वाहून जाऊ शकत नाही. ते एका खड्ड्यात गोळा करून पंपाने वर चढवावे लागते. पंप हे यंत्र आहे आणि यंत्र कधी ना कधी बंद पडते. तेही बहुधा भर पावसात. म्हणून अशा खड्ड्यात दोन पंप बसविण्याची रीत आहे: एक नित्याचा व दुसरा राखीव. भिंतीतून आणि अंगणातून दोन स्वतंत्र नळ नेणे खर्चाचे असते. तेव्हा दोन्ही पंपांची तोंडे एकाच नळास जोडावी, हा विचार साहजिकच पुढे येतो. विचार योग्य आहे. परंतु तो निष्काळजीपणे अमलात आणला, तर दोन पंप असूनही तळघर बुडते. आणि पंप चालू असल्याचा आवाज सारखा येत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

असे का व्हावे? थांबलेला पंप म्हणजे बंद केलेले दार, अशी आपली सामान्य समजूत असते. वस्तुतः तळघरात वापरला जाणारा पंप अपकेंद्री जातीचा असतो. त्यात पात्यांचे एक चक्र वेगाने फिरते आणि पाण्याला बाहेर फेकते. चक्र थांबले म्हणजे पात्यांमधील वाटा उघड्याच राहतात. त्या वाटांनी पाणी जसे वर गेले तसेच खालीही येऊ शकते. थांबलेला अपकेंद्री पंप हा नळाचाच एक वाकडातिकडा तुकडा होय, हे एकदा ध्यानात आले की पुढचा सर्व विषय सोपा होतो.

शाळेत याचा पडताळा सहज पाहता येतो. दोन पिचकाऱ्या पाण्याने अर्ध्या भरून त्यांची तोंडे रबरी नळ्यांनी एका तीन तोंडांच्या जोडास लावावी आणि जोडाच्या उरलेल्या तोंडास एक मीटरभर लांबीची नळी लावून ती उभी धरावी. मग एकाच पिचकारीचा दट्ट्या दाबावा. दुसरीचा दट्ट्या सैल असेल, तर पाणी उभ्या नळीत फारसे चढत नाही. दुसरा दट्ट्याच मागे सरकू लागतो. पाण्याला वर चढण्यापेक्षा शेजाऱ्याच्या घरात शिरणे सोपे वाटते. तळघरातही हेच घडते. चालू पंपाचे पाणी जोडापर्यंत येते आणि सहा मीटर वर चढण्याऐवजी शेजारच्या थांबलेल्या पंपातून बव्हंशी त्याच खड्ड्यात परत पडते. वीज जळते, मोटर तापते, पाण्याची पातळी मात्र उतरत नाही. शिवाय परतणारे पाणी थांबलेल्या पंपाचे चक्र उलटे फिरवू शकते. ते तसे फिरत असता मोटर सुरू केली, तर तिच्यावर विलक्षण ताण पडतो.

यावरचा उपाय म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. नळकारागीर तिला ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’ म्हणतात. सायकलच्या ट्यूबमधील व्हॉल्व्हवर चढविलेली रबरी नळी हे तिचे घरोघरी माहीत असलेले उदाहरण. हवा आत जाताना रबर उचलले जाते, आणि बाहेर येऊ लागताच ते छिद्रावर घट्ट बसते. माणसाच्या शरीरात तर अशा झडपा असंख्य आहेत. पादुआ येथील फाब्रिसियस याने नीलांमधील झडपांचे वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे, जावे हे त्यांचे खरे काम त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवून दिले. हाता-पायांतील लहान नीला मोठ्या नीलेस मिळतात, तरी एकीचे रक्त सहसा दुसरीत शिरत नाही. निसर्गाने आपला ‘जोड’ अभियंत्यांच्या कितीतरी आधी सोडविला होता.

आता प्रश्न उरतो तो झडप कोठे बसवावी हा, आणि बहुतेक चुका येथेच होतात. दोन्ही नळ जोडून झाल्यावर पुढच्या सामाईक नळावर एकच झडप बसविली की पैसे वाचले, असे पुष्कळांना वाटते. अशी झडप बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही हे खरे. परंतु एका पंपाचे पाणी दुसऱ्यात शिरण्यास ती काडीचाही अडथळा करीत नाही, कारण ती वाट झडपेच्या अलीकडेच आहे. म्हणून प्रत्येक पंपाच्या शाखेवर, जोडाच्या अलीकडे, त्याची स्वतःची झडप हवी. त्या झडपेच्या पुढे आणि जोडाच्या अलीकडे हाताने बंद करावयाचा एक गेट व्हॉल्व्ह असावा. क्रम असा: पंप, एकदिशा झडप, गेट व्हॉल्व्ह, जोड. हा क्रम उलटविला, तर झडप साफ करण्यासाठी उघडताच सामाईक नळातील सगळे पाणी कारागिराच्या अंगावर येते, आणि दुसरा पंपही त्या वेळी चालविता येत नाही.

झडपेचा आणखी एक उपयोग आकड्यांत पाहण्यासारखा आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे दोन लिटर पाणी मावते. नळ सहा मीटर उभा असेल, तर पंप थांबताच बारा लिटर पाणी खाली येणार. खड्डा लांबी-रुंदीला ६० सेंटिमीटर असल्यास त्याची पातळी तेवढ्यानेच तीन सेंटिमीटरांहून अधिक वाढते. पंप सुरू करणारा तरंगता गोळा थोड्याशा चढउतारावर बसविलेला असेल, तर तेच पाणी वर-खाली नेण्यात पंप रात्रभर गुंतून राहतो.

जोडाचा आकारही महत्त्वाचा आहे. दोन शाखा समोरासमोर येऊन एकमेकींवर आदळतील असा ‘टी’ आकाराचा जोड टाळावा. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा, ४५ अंशांत मिळणारा जोड पाण्याला पुढच्या दिशेने वळवितो. सामाईक नळ आडवा असेल, तर शाखा त्यास वरच्या बाजूने मिळावी. खालून मिळाल्यास थांबलेल्या शाखेत गाळ बसतो आणि आयत्या वेळी तिची झडप उघडत नाही. गढूळ पाण्यासाठी बिजागरीच्या झडपेपेक्षा आत गोळा असलेली झडप बरी, कारण तिच्यात चिंध्या आणि काड्या अडकण्यास जागा कमी असते.

दोन पंप एकदम चालविले की पाणी दुप्पट जाईल, हीही एक गैरसमजूतच. समजा, एक पंप मिनिटाला १५० लिटर पाणी ५० मिलिमीटर व्यासाच्या नळातून नेतो. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर होतो. दोन्ही पंपांचे पाणी त्याच नळात घातले, तर वेग दुप्पट व्हावयास हवा; पण घर्षण साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट, वाढते. ते ओलांडण्यात पंपांची शक्ती खर्ची पडते आणि पाणी दुपटीहून बरेच कमी जाते. मग नळ जाड घ्यावा हे उघड आहे, पण किती? ७५ मिलिमीटर घेतला, तर एकच पंप चालू असताना वेग ०.६ मीटरच्या खाली येतो आणि गाळ तळाशी बसू लागतो. ६५ मिलिमीटरच्या नळात एका पंपाने सुमारे ०.७५ मीटर आणि दोहोंनी सुमारे १.५ मीटर वेग मिळतो. या उदाहरणात तोच मधला मार्ग योग्य.

पंप समान शक्तीचे असावेत हेही येथेच सांगितले पाहिजे. एक पंप पाणी पंधरा मीटर चढवू शकतो आणि दुसरा जेमतेम सात मीटर, अशी जोडी असेल, तर बलवान पंपाच्या दाबाने दुबळ्याची झडप मिटलेलीच राहू शकते. दुबळा पंप मग तेच पाणी जागच्या जागी घुसळून तापत राहतो. अडगळीतला लहान पंप राखीव म्हणून बसविणे ही काटकसर खोटी आहे.

झडप कितीही चांगली असली तरी तिच्या तोंडाशी एखादी काडी अडकली की ती पाझरते. बाहेरचे गटारच तुंबले असेल, तर हा पाझर धोक्याचा ठरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी गटारे पाणी नेण्याऐवजी परत देऊ लागतात. म्हणून सामाईक नळ गटारात सोडण्यापूर्वी रस्त्यावरील पुराच्या पातळीहून उंच नेऊन मग खाली वळवावा, आणि वळणाच्या माथ्यावर हवेसाठी एक तोंड ठेवावे. हवा आत शिरू शकली नाही, तर हाच वळसा वक्रनलिकेसारखा काम करून गटाराचे पाणी उलट ओढू शकतो. या वळशात हलणारा एकही भाग नाही. म्हणून तो झडपेपेक्षा अधिक विश्वासाचा. जागा असेल तेथे दोन्ही पंपांचे नळ या उंचीपर्यंत वेगळे नेऊन तेथे एका उघड्या कुंडीत मोकळे सोडावे आणि कुंडीतून पुढे एकच उताराचा जाड नळ काढावा. पाणी हवेतून पडत असल्यामुळे ते परत पंपात शिरण्याचा प्रश्नच उरत नाही.

जोडणी झाल्यावर तिची परीक्षा घेणे अवघड नाही. खड्ड्याच्या भिंतीवर खडूने दोन रेघा ओढाव्या. पाणी वरच्या रेघेपर्यंत भरून पहिलाच पंप चालवावा आणि ते खालच्या रेघेवर येण्यास किती वेळ लागतो हे घड्याळात पाहावे. मग दुसऱ्या शाखेचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून तोच प्रयोग पुन्हा करावा. दुसऱ्या खेपेस वेळ स्पष्टपणे कमी लागला, तर दुसऱ्या पंपाची झडप पाझरत आहे असे समजावे. ती उघडून साफ करावी, पंपांची अदलाबदल करून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि शेवटी दोन्ही गेट व्हॉल्व्ह उघडे ठेवण्यास विसरू नये.