बिलाची रक्कम कोणी मांडायची?
जँगोच्या नव्या आवृत्त्यांतून व्यापाऱ्याने घ्यायचे धडे

कापडाच्या व्यापाऱ्याने सॉफ्टवेअरवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज ठोक दुकानाची खातेवही, रोजमेळ, उधारी आणि जीएसटीचे बिल हे सारे संगणकात गेले आहे. वही आम्हाला वाचता येत होती. संगणकाच्या आतले मात्र प्रोग्रामरच जाणे. आत काय चालते ते मालकाने निदान ढोबळमानाने तरी समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बिलात २४.५० मीटरऐवजी ४२.५० मीटर पडले. दर ९६ रुपये, म्हणून कर सोडून रक्कम ४,०८० रुपये झाली. मुनीमजींनी चूक पाहिली आणि मीटर दुरुस्त केले. मीटर बदलले, पण रक्कम ४,०८० तशीच राहिली. गिऱ्हाइकाने आपल्या हिशेबाने २,३५२ रुपये पाठवले, आणि आम्ही दोन महिने उरलेल्या १,७२८ रुपयांचा तगादा लावीत बसलो. शेवटी ते स्वतः बिल घेऊन गादीवर आले. वीस वर्षांच्या व्यवहारात अशी मान खाली घालण्याची वेळ आमच्यावर आली नव्हती. मापात पाप नव्हते, पण गिऱ्हाइकाला ते कसे पटावे?

चूक कोठे होती?

आमचे सॉफ्टवेअर ‘जँगो’ या फ्रेमवर्कवर बनलेले आहे. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. भिवंडी-मालेगावचा कारखानदार लोखंडापासून यंत्रमाग घडवीत बसत नाही. तो तयार माग बसवतो. ताणा-बाणा आणि डिझाईन मात्र त्याचे स्वतःचे. तसेच येथे पासवर्ड, नोंदीचे पडदे, डेटाबेसाशी बोलणे ही कामे तयार मिळतात आणि प्रोग्रामर त्यावर धंद्याचे नियम विणतो. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी मोफत खुला करण्यात आला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल ‘सेव्ह’ होताना प्रोग्राम मीटर आणि दराचा गुणाकार करी. दुरुस्तीचा पडदा मात्र वेगळा होता. तेथे ‘अपडेट’ हा हुकूम थेट डेटाबेसातील रकाना बदलत असे. जँगोत हा हुकूम दिला की सेव्हच्या वेळी चालणारा हिशेब चालत नाही. हा नियम जुनाच आहे. प्रोग्रामरने तो ध्यानात ठेवला नाही, इतकेच. आमचा भाचा संगणकशास्त्र शिकतो. सारे पाहून तो म्हणाला, “मामू, गुणाकार प्रोग्रामवर सोडूच नका. नव्या आवृत्तीत ते काम खुद्द डेटाबेस करतो.”

पहिला धडा : स्वतः मांडणारा रकाना

४ डिसेंबर २०२३ रोजी आलेल्या जँगो ५.० मध्ये ‘जनरेटेड फील्ड’ आले. रक्कम म्हणजे मीटर गुणिले दर, असे एकदा लिहून ठेवायचे. मग मीटर कोणत्याही पडद्यावरून बदला, रक्कम डेटाबेसच नव्याने मांडतो. त्या रकान्यात हाताने आकडा भरताच येत नाही. आमची चूक या सोयीने मुळातच टळली असती.

याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. सूत्रात त्याच टेबलातील रकाने घेता येतात, दुसऱ्या टेबलातील नाहीत. म्हणून मीटरमागील दर आणि कराचा दर हे दोन्ही बिलाच्या ओळीतच लिहून ठेवावे लागतात. व्यापाऱ्याला हेच हिताचे आहे. उद्या कराचा दर बदलला तरी जुने बिल जुन्याच दराचे राहते. दुसरी मर्यादा अशी की, एक मांडलेला रकाना दुसऱ्या मांडलेल्या रकान्याच्या सूत्रात घालता येत नाही. कराचे सूत्र पुन्हा मीटर आणि दरापासूनच लिहावे लागते. सूत्र बदलायचे झाल्यास तो रकाना काढून नव्याने घालावा लागतो.

दुसरा धडा : कोरी जागा आणि घड्याळ

याच आवृत्तीत ‘डीबी डिफॉल्ट’ ही सोय आली. पूर्वी जागा कोरी राहिली तर ठरलेली किंमत जँगो भरी. दुसऱ्या प्रोग्रामने थेट डेटाबेसात नोंद केली तर ती राहून जाई. आता नोंदीची वेळ किंवा उधारीची मुदत डेटाबेसच भरू शकतो.

पण वेळेबाबत सावध राहावे. सेटिंगमध्ये गावाची वेळ लिहिलीच नाही, तर जँगो शिकागोची वेळ धरतो. शिवाय ‘यूझ टीझेड’ ही सेटिंग न लिहिल्यास पूर्वी बंद धरली जाई, ५.० पासून ती चालू धरली जाते. चालू असता डेटाबेसात जागतिक प्रमाण वेळ जाते, आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. रमजानच्या बाजारात रात्री दीड वाजता केलेले बिल तेथे आदल्या दिवशीच्या रात्री आठचे होते. सेटिंगमध्ये ‘आशिया/कोलकाता’ लिहिले असेल तर पडद्यावर बरोबर दिसते. परंतु डेटाबेसातून थेट काढलेल्या तक्त्यात १ एप्रिलचे असे बिल ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल.

तिसरा धडा : बिल नंबर आणि वर्ष

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. आपल्यापैकी बरेच जण १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करतात. म्हणजे बिलाची खरी ओळख नंबर आणि वर्ष मिळून होते. एप्रिल २०२५ च्या जँगो ५.२ मध्ये अशी जोडओळख, म्हणजे ‘कंपोझिट प्रायमरी की’, प्रथमच आली. प्रोग्रामर हौसेने ती सुचवतील. तथापि ५.२ मध्ये अशा टेबलाला दुसरे टेबल नेहमीच्या दुव्याने जोडता येत नाही, म्हणजे बिलाच्या मालाच्या ओळी बिलाला बांधणे अवघड होते. जँगोच्या तयार ॲडमिन पडद्यावरही ते टेबल घेता येत नाही. म्हणून ओळख साधीच ठेवावी आणि ‘नंबर व वर्ष दोनदा येता कामा नये’ असे बंधन वेगळे घालावे. ती सोय आधीपासूनच आहे.

ॲडमिन पडद्यावर ५.० पासून प्रत्येक फिल्टरपुढे किती नोंदी आहेत तो आकडाही पाहता येतो. बाकी बिले किती, चुकती किती, हे एका नजरेत कळते. मात्र फिल्टर जितके, तितके जास्तीचे प्रश्न डेटाबेसाला जातात. नोंदी लाखांत असतील तर पडदा मंदावतो.

बदल केव्हा आणि कसा करावा?

जँगोच्या काही आवृत्त्यांना लांब मुदतीची देखभाल मिळते. ४.२ ला ती एप्रिल २०२६ पर्यंतची होती, ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंतची आहे. मुदतीनंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येत नाहीत. चालते आहे म्हणून वर्षानुवर्षे तसेच चालवणे म्हणजे कुलूप गंजलेले असता गोदामात माल भरणे होय. ५.२ साठी पायथन ३.१० किंवा पुढचा लागतो. पोस्टग्रेस वापरत असाल तर तो १४ किंवा पुढचा हवा. बदल एकेक आवृत्तीने करावा, मोठी उडी मारू नये. मार्चअखेर आणि ईद-दिवाळीच्या हंगामात तर हात लावूच नये.

प्रोग्रामरकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. प्रथम साऱ्या डेटाची नक्कल वेगळ्या जागी ठेवावी. मग त्या नकलेवर नवी आवृत्ती चालवून एका महिन्याची बिले जुन्या छापील बिलांशी ताडून पाहावीत. शेवटी, जुना रकमेचा रकाना लगेच पुसू नये. नवा रकाना शेजारी घालून जेथे फरक येतो त्या बिलांची यादी काढावी. वटाव किंवा पूर्णांकामुळे आलेला फरक वेगळा, चुकीचा फरक वेगळा.

आम्ही अशी यादी काढली. काही बिलांत आमचे नुकसान झालेले निघाले. ती आम्ही सोडून दिली. दोन बिलांत आम्ही जास्त घेतले होते. ते पैसे चिठ्ठीसह परत पाठवले. त्यातील एका व्यापाऱ्याला ती चूक ठाऊकही नव्हती. वाचकांनी आपल्या प्रोग्रामरला आजच एक प्रश्न विचारावा : दुरुस्तीच्या पडद्यावर मीटर बदलले तर रक्कम कोण बदलतो? उत्तर द्यायला तो अडखळला, तर आपली यादीही काढण्याची वेळ आली आहे असे समजावे.