अंतिम मुलाखतीची तयारी : स्वतःच्या अर्जाचे वाचन

स्पर्धा परीक्षेचा लेखी टप्पा ओलांडलेला विद्यार्थी भेटावयास आला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "सर, आता कोणते पुस्तक वाचू?" लेखी परीक्षेपर्यंत हा प्रश्न योग्य असतो. मुलाखतीच्या उंबरठ्यावर मात्र तो अपुरा ठरतो, कारण या टप्प्यावर जे पुस्तक सर्वांत आधी वाचावयाचे असते ते विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेले असते. ते म्हणजे त्याचा अर्ज. या लेखात मुलाखतीच्या तयारीचा विचार याच दृष्टीने करावयाचा आहे.

मुलाखतीचे स्वरूप

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेचे १७५० आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५ असे एकूण २०२५ गुण धरले जातात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत हीच विभागणी स्वीकारली आहे. केंद्रीय परीक्षेत रिक्त पदांच्या सुमारे दुप्पट उमेदवार मुलाखतीस बोलावले जातात. म्हणजे दारापाशी पोहोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे परत फिरतात. मंडळापुढे उमेदवाराचे लेखी गुण ठेवलेले नसतात. त्यांच्यासमोर असते ती त्याने अर्जात दिलेली माहिती.

या चाचणीचा हेतू ज्ञानाची पुन्हा परीक्षा घेणे हा नाही. ती लेखी परीक्षेत होऊन गेलेली असते. सतर्कता, मुद्देसूद मांडणी, निर्णयातील समतोल, आवडींची विविधता व खोली, माणसांना जोडून घेण्याची क्षमता, बौद्धिक व नैतिक प्रामाणिकपणा हे गुण येथे पाहिले जातात. यातील शेवटच्या गुणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

एक चूक आणि तिची शिकवण

माझे आईवडील ऊसतोड मजूर होते. दसरा-दिवाळी झाली की ते टोळीबरोबर कारखान्यावर जात आणि उन्हाळा लागल्यावर परतत. मी निवासी शाळेत राहिलो तो याच कारणाने. पुढे एका नोकरीच्या अंतिम मुलाखतीत मला विचारण्यात आले, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "शेती." अर्जातही मी तसेच लिहिले होते. आमच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती.

पुढचे प्रश्न अगदी साधे आले. किती एकर? कोरडवाहू की बागायती? यंदा सोयाबीनला उतारा किती पडला? मी अडखळलो. एक असत्य सावरण्यासाठी दुसरे उभे करावे लागले. मंडळातील कोणी मला अपमानित केले नाही. त्यांनी फक्त विषय बदलला. निवड झाली नाही. त्या अपयशापेक्षाही, ज्या हातांनी मला शिकविले त्यांचे काम मी परक्यांसमोर लपविले, याचे दुःख मला दीर्घकाळ राहिले.

दोन वर्षांनी दुसऱ्या मुलाखतीत हाच प्रश्न आला. मी म्हणालो, "आईवडील दोघेही ऊस तोडतात." त्यानंतरची पंधरा मिनिटे याच विषयावर गेली. 'कोयता' म्हणजे एक हत्यार नव्हे तर नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. हंगाम संपूनही ती फिटली नाही तर पुढच्या वर्षीचे श्रम आधीच बांधले जातात. फडाशेजारच्या कोपीत वाढणाऱ्या मुलांची शाळा तुटते. हे सारे मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. एका सदस्यांनी विचारले, "तोडणी यंत्रे आली तर हे लोक काय करतील?" यंत्रामुळे शारीरिक कष्ट कमी होतील, परंतु पर्यायी रोजगाराची सोय न करता ती आणली तर कर्ज डोक्यावर आणि काम हातातून गेलेले, अशी अवस्था होईल, असे मी सांगितले. त्या वेळी माझी निवड झाली.

यातून असा अर्थ काढू नये की गरिबीची कहाणी सांगितली की गुण मिळतात. सहानुभूती मागणारे उत्तर दुर्बळच असते. आपले अनुभव हा पुरावा आहे. त्याच्या आधारे विचार मांडता आला पाहिजे.

अर्जाचे वाचन कसे करावे?

अर्जाची प्रत समोर ठेवून प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी : गाव, तालुका, जिल्हा, शाळा, पदवीचा विषय, छंद, पदांचा पसंतीक्रम. प्रत्येक शब्दावर किमान पाच प्रश्न स्वतः तयार करावेत. छंद 'वाचन' लिहिला असेल तर अलीकडे वाचलेल्या दोन पुस्तकांविषयी मत हवे. न जोपासलेला छंद लिहूच नये.

जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. उमेदवार लातूरचा असेल तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे त्याला ठाऊक असतेच. परंतु प्रश्न तेथे थांबत नाही. मांजरा धरण कोरडे का पडले? केवळ पाऊस कमी झाला म्हणून, की पीकपद्धतीचाही वाटा होता? दुष्काळी भागात ऊस लावणारा शेतकरी चुकतो का? आपण जिल्हाधिकारी असता तर काय केले असते? येथे उत्तराला क्रम असावा : प्रथम वस्तुस्थिती, नंतर दोन्ही बाजू, शेवटी आपला निर्णय व त्याचे कारण. उसाला खात्रीची बाजारपेठ आहे, म्हणून शेतकरी त्याकडे वळतो. तशी खात्री डाळी व तेलबियांना मिळाली तर पीक बदलू शकते. पिण्याच्या पाण्याला मात्र अग्रक्रम द्यावाच लागेल. असे उत्तर कोणालाही दोषी न ठरवता ठाम राहते.

'माहीत नाही' आणि भाषेचा प्रश्न

एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास "क्षमस्व, मला याची माहिती नाही" असे शांतपणे सांगावे. अंदाज करावयाचा असल्यास परवानगी घेऊन, तो अंदाज असल्याचे सांगून करावा. मंडळाने मुद्दाम विरोधी मत मांडले तर चिडू नये आणि लगेच मतही बदलू नये.

ग्रामीण विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती वाटते. केंद्रीय परीक्षेत मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्यास मुलाखतही मराठीतून देता येते. दुभाषाची सोय असते. दुभाषा असल्याने वाक्ये लहान व स्वच्छ ठेवावीत, म्हणजे अर्थ गळत नाही.

सराव आणि शेवटचे दिवस

सराव मुलाखती तीन-चार पुरेत. फार झाल्या की उत्तरे पाठ होतात आणि पाठांतर लगेच ओळखू येते. त्याऐवजी रोज एका मित्रासमोर एका विषयावर दोन मिनिटे बोलावे. दैनिकातील अग्रलेख वाचून त्याच्या विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे लिहावेत. मूळ प्रमाणपत्रे आठवडाभर आधी क्रमाने लावावीत. नाव व जन्मतारीख सर्वत्र सारखी आहे ना, हे पाहावे. वेश स्वच्छ व सवयीचा असावा. नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

पालकांनाही एक विनंती. मुलगा वा मुलगी मुलाखतीस निघण्यापूर्वी त्यांना आपल्या कामाविषयी सविस्तर सांगा. मजुरी कशी ठरते, कर्ज कोठून घेतले, कोणत्या वर्षी किती हाल झाले, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार शाळेसाठी राखून मुलाखतीस निघालेल्यांचा सराव घ्यावा. मला त्या पहिल्या वेळी कोणी एवढेच विचारले असते, "वडील काय करतात, हे नीट सांगशील ना?" तर माझी दोन वर्षे वाचली असती.