नुसती यादी घोकू नकोस गं

अगं, ती लांबलचक यादी आधी बाजूला ठेव बघू. मेटाफर, सिमिली, आयरनी, टोन, क्लेम, एव्हिडन्स… सकाळी घोकायचं आणि संध्याकाळपर्यंत निम्मं विसरायचं, असं किती दिवस चालणार? व्याख्या तोंडपाठ असली की उत्तर लिहिता येतं, असं काही नसतं. परीक्षेत तुला ‘मेटाफर म्हणजे काय’ हे फारसं कुणी विचारत नाही. लेखकाने ते तिथे कशाला वापरलं, हे विचारतात.

आणि यातलं बरंचसं तुला आधीच येतंय. मुधोळच्या पोरींचं हेच तर बरं आहे, घरात मराठी, शाळेत तेलुगू, भैंशाच्या बाजारात हिंदी-उर्दू. (आपला जिल्हा २०१६मध्ये आदिलाबादचा निर्मल झाला, पण आजी अजून ‘आदिलाबाद जिल्हा’च म्हणते, ते सोड.) तेलुगूच्या तासाला उपमालंकाराची चार अंगं शिकवतात ना? उपमेय, उपमान, समान धर्म, उपमावाचक. मराठी व्याकरणातही हीच चार. ती इंग्रजी कवितेला लाव, झाली सिमिली. उपमावाचक शब्द काढून दोन्ही गोष्टी एकच मानल्या की रूपक, म्हणजे मेटाफर. चेतनगुणोक्ती तिकडे पर्सनिफिकेशन होते आणि अतिशयोक्ती हायपर्बली. वर्गात तोंडी विचारलं तर ‘हायपरबोल’ म्हणू नकोस, आणि ‘सिमाईल’ही नको. मागच्या बाकावरून हसतात मेले.

अडतं ते आयरनीपाशी. आपली व्याजस्तुती तिचा जेमतेम एक कोपरा व्यापते. म्हणून आयरनी एखाद्या गोष्टीतच शिकावी. आमच्या वेळी दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द स्टोरीड हाऊस’ होती. तुझ्या पुस्तकात नसली तर माझं जुनं पुस्तक कपाटात आहे, काढून घे. कथा वामन होवाळांची, मुळात मराठीतली. अर्जुन डांगळेंनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या १९९२च्या संग्रहातून ती इंग्रजी वाचकांपुढे गेली. म्हणजे बघ, आपल्याच भाषेतली कथा आपण इंग्रजीच्या तासाला वाचत होतो!

मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला बयाजी गावी येतो. त्याला माडीचं घर बांधायचंय. कोंडिबा पाटील त्याला गोड बोलून अडवतो: साधं घर बांध, माडी कशाला? बयाजी बाहेरून साधंच दिसेल असं घर बांधतो, आत मात्र माडी काढतो. घरभरणीचा आनंद ओसरायच्या आत कुणीतरी घर पेटवतं आणि बयाजी जातो. पोरं पुन्हा पाया खोदायला लागतात, आता आणखी एक मजला चढवायचा म्हणून. आयरनी कुठे आहे, सांग. जी माडी उभी राहू नये म्हणून आग लावली, त्या आगीनंतर मजला वाढतो, कमी होत नाही. जे व्हावं म्हणून कुणी धडपडतो त्याच्या नेमकं उलट घडलं, की ती सिच्युएशनल आयरनी. माडी म्हणजे सिम्बॉल, हे तर वर्गातली कुणीही लिहील. ती कशाचा सिम्बॉल, हे तुझं तू लिही.

आता क्लेम-एव्हिडन्सचं. समज, तू म्हणालीस, ‘बयाजीला जागा नको होती, मान हवा होता.’ हा झाला क्लेम. एव्हिडन्स: खोल्याच हव्या असत्या तर पाटलाच्या सल्ल्यात त्या मिळतच होत्या, तरी त्याने लपवून का होईना, माडी काढली. आणि मरताना पोरांकडे मागितली तीही माडीच. पण या दोन वाक्यांवरून तुझा क्लेम खरा का ठरतो? कारण नुसता आसरा हवा असलेला माणूस शेवटच्या श्वासाला माडी मागत नाही. हा मधला पूल म्हणजे वॉरंट. पोरी नेमकं हेच लिहायचं विसरतात आणि मग ‘मार्क का कापले’ म्हणून रडतात.

वॉरंट हे नाव १९५८मध्ये स्टीफन टूलमिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने दिलं. पण आपल्या न्यायशास्त्रात ती गोष्ट फार जुनी. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. आणि जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. ‘जिथे धूर तिथे आग’ हेच तुझं वॉरंट. मला तर न्यायवाल्यांचंच जास्त पटतं, ते उदाहरणाशिवाय पुढे सरकतच नाहीत.

‘घरात माणसं जास्त होती, जागाही हवीच होती,’ असं कुणी म्हणेल. तो काउंटरक्लेम. तो स्वतःच लिही आणि स्वतःच उत्तर दे. दडवलास तर तपासणाऱ्याला तो दिसतोच.

इथोस, पेथॉस, लोगोस ही ॲरिस्टॉटलची तीन नावं तू घरात रोज वापरतेस, फक्त नाव न घेता. बासरच्या ट्रिपल आयटीसाठी बाबांना पटवताना काय म्हणाली होतीस? दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो, सहा वर्षांत बी.टेक. होतं: लोगोस. आमच्या सरांनीच सुचवलंय: इथोस. आणि ‘घरापासून जवळ आहे, आईला भेटायला येता येईल’ म्हणताना जो गळा दाटला होता तुझा, तो पेथॉस. बाबा कशाला विरघळले, ते तुलाही ठाऊक आहे!

आज एवढंच कर. बयाजीवर एक परिच्छेद लिही, क्लेमपासून काउंटरक्लेमच्या उत्तरापर्यंत. शब्द इंग्रजीत अडला तर मराठीत लिहून पुढे जा, नंतर बदलता येतो. मग गॅब्रिएल ओकाराची ‘वन्स अपॉन अ टाइम’ घे. त्यात बोलणारा माणूस कपडे बदलावेत तसे चेहरे बदलायला शिकतो. त्या उपमेची चारही अंगं पेन्सिलीने समासात लिही. रविवारी येते तेव्हा वही बघेन.