संगणकांतील कोठार

ज्या घरांत माजघर लहान व कोठार मोठें असतें, तेथील शहाणी गृहिणी वर्षाचें धान्य माजघरांत रचून ठेवीत नाहीं. पुष्कळ संगणकांची रचना अशाच घरासारखी असते. त्यांत दोन साठे असतात. एक लहान पण चपळ, दुसरा मोठा पण मंदगति. पहिल्यास एसएसडी म्हणतात. त्यांत हलणारा एकहि भाग नसतो. दुसरी हार्ड डिस्क. तींत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या बहुधा मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. या जातीची पहिली डिस्क आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं जगापुढें आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या असूनहि तींत सुमारें ५० लक्ष अक्षरेंच मावत. आज एका छायाचित्रास जवळजवळ तेवढी जागा लागते!

विंडोज प्रणालींत पहिल्या साठ्यास 'सी' व दुसऱ्यास बहुधा 'डी' म्हणतात. 'ए' व 'बी' कोठें गेले, असें चौकस विद्यार्थी विचारतील. तीं अक्षरें फ्लॉपी डिस्कांसाठीं राखलेलीं होतीं; फ्लॉपी गेल्या, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या.

आपण कांहीं न सांगितल्यास विंडोज आपले लेख व चित्रें 'सी' मध्येंच ठेवते. डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइलीहि तेथेंच असतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मग 'सी' भरतो, संगणक रखडूं लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रणाली बिघडली म्हणजे दुरुस्ती करणारा पुष्कळदां 'सी' पुसून ती नव्यानें बसवितो. ज्याचें दप्तर 'डी' मध्यें आहे, तो अशा वेळीं निश्चिंत असतो. मात्र सर्वच ड्राइव्ह पुसावे काय, असें संगणकानें विचारल्यास विंडोज असलेलाच तेवढा निवडावा.

कृति सोपी आहे. 'डी' मध्यें आपल्या नांवाचें फोल्डर करून त्याच्या पोटांत 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' अशीं निरनिराळीं फोल्डरें करावीं. मग मूळच्या डॉक्युमेंट्सवर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावें, त्यांतील 'लोकेशन' या पानावर 'मूव्ह' दाबावें व नवें फोल्डर दाखवावें. जुन्या फाइली तिकडे न्याव्या काय, या प्रश्नास 'होय' म्हणावें. नुसता 'डी' मात्र कधींहि दाखवूं नये. तसें केल्यास सबंध 'डी'च डॉक्युमेंट्स होऊन बसतो, व तो गुंता सोडवितांना नाकीं नऊ येतात. वनड्राइव्ह त्या फोल्डराची प्रत ठेवीत असेल, तर ती व्यवस्था आधीं थांबवावी. 'विंडोज' व 'प्रोग्राम फाइल्स' हीं फोल्डरें जागचीं हलवूं नयेत.

येथें पालकांसाठीं एक खुलासा. १ टीबीची डिस्क आणली असतां संगणक ९३१ जीबीच दाखवितो, आणि कित्येक जण दुकानदाराशीं भांडावयास जातात. तो बिचारा निर्दोष असतो. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीनें. माल तोच, माप निराळें. पांच एमबीचें एक याप्रमाणें तींत सुमारें दोन लक्ष छायाचित्रें मावतात.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. आजीच्या पत्रांच्या प्रती, लग्नांतील छायाचित्रें, मुलांचे दाखले हें सर्व 'डी' मध्यें नेलें, म्हणजे तें सुरक्षित झालें, अशी समजूत फार पसरली आहे. ती खोटी आहे. फाइल हलविणें म्हणजे तिची दुसरी प्रत करणें नव्हे. ती पूर्वीं एकच होती, आतांहि एकच आहे. शिवाय कांहीं संगणकांत 'सी' व 'डी' हे एकाच साठ्याचे भिंत घालून केलेले दोन भाग असतात, व तो बिघडला कीं दोन्ही एकदम बुडतात. स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडल्यास खरें तें कळतें. 'डिस्क ०' व 'डिस्क १' अशा दोन निरनिराळ्या ओळींत ते असतील, तर साठे खरोखर दोन आहेत. कसेंहि असलें तरी दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, व काम संपतांच ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे दुष्ट प्रोग्राम जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंतहि पोहोंचतात.

हार्ड डिस्क बंद पडण्यापूर्वीं कधीं कधीं टक् टक् असा आवाज करते. तो ऐकूं येतांच इतर काम थांबवून प्रथम प्रत काढावी. एसएसडी पुष्कळदां असा कोणताहि इशारा देत नाहीं.